पेटीतल्या मांजराला विचारा

परवा ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी तो विनोद मी पुन्हा एकदा ऐकला. तुम्हीही ऐकला असेल, तरी सांगतो. हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर गाडीतून चाललेले असतात. गार्डा (इथल्या पोलिसांना गार्डा म्हणतात) गाडी अडवतो. "किती वेगाने चालला होतात, काही कल्पना आहे का?" हायझेनबर्ग म्हणतो, "वेगाचं विचारू नका, पण आम्ही नेमके कुठे आहोत ते सांगू शकतो." गार्डाला संशय येतो. तो डिकी उघडतो आणि ओरडतो, "अहो, इथे मेलेलं मांजर आहे!" श्रोडिंगर कपाळावर हात मारून घेतो. "झालं ना आता मेलेलं! कशाला बघायला गेलात?"

सगळे हसले. मीही हसलो. आयर्लंडमध्ये हवामानाच्या खालोखाल लोकांना काय आवडत असेल तर ते एकमेकांची थट्टा करणं, त्यामुळे इथे विनोदावर न हसणं हे उधारी न फेडण्याइतकं वाईट दिसतं. शिवाय या विनोदाबद्दल डब्लिनकरांना जरा घरचा अभिमान आहे, कारण श्रोडिंगर या गावात जवळजवळ १७ वर्षं राहिला. पण हल्ली हा विनोद ऐकला की मला हसता हसता ठेच लागते. का लागते, ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात माझ्यापासून करतो. मी २०१४ साली नाशिकहून इथे आलो, तीन वर्षांच्या कंत्राटावर. तीन वर्षं संपली, कंत्राट वाढलं, मग कायमची नोकरी लागली. आई नाशिकला एकटी. दर रविवारच्या फोनवर एक प्रश्न ठरलेला, "मग परत कधी येताय?" माझं उत्तरही ठरलेलं, "बघू." एकदा "बघू" म्हणायचा कंटाळा आला म्हणून मी म्हटलं, "आई, माझं परत येणं म्हणजे श्रोडिंगरचं मांजर आहे. पेटी उघडेपर्यंत मी येणारही आहे आणि नाहीही."

आता माझी आई म्हणजे ३१ वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेली बाई. ती असं काही ऐकून सोडून देईल? तिने मला तो प्रयोग पहिल्यापासून सांगायला लावला. मी सांगितला. थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "बाकी सगळं कळलं रे. पण पेटीतल्या मांजराला तर ठाऊक असतंच ना, आपण जिवंत आहोत ते?"

मी म्हटलं, "मांजराला फोन करता येत नाही." आम्ही दोघंही हसलो आणि विषय भाजीच्या भावाकडे वळला. तिने जे विचारलं ते किती मोठं होतं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

आधी मूळ प्रयोग काय तो पाहू, कारण बहुतेक लोक तो उलटा सांगतात. मीही सांगायचो.

१९३५ साली श्रोडिंगर ऑक्सफर्डमध्ये होता. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने बर्लिन सोडलं होतं, १९३३ चं नोबेल पारितोषिक डिरॅकबरोबर वाटून मिळालं होतं, आणि १९२६ साली मांडलेलं त्याचं समीकरण जगभर वापरलं जात होतं. पण त्या समीकरणाचा अर्थ नील्स बोर आणि त्याच्या गोतावळ्याने जो लावला होता, तो त्याला पटत नव्हता. अर्थ साधारण असा की अणूसारखी बारीक गोष्ट मोजेपर्यंत अनेक अवस्थांच्या सरमिसळीत असते आणि मोजताक्षणी त्यातली एक पक्की होते. श्रोडिंगर म्हणाला, ठीक आहे, मग हे गृहीत धरून पुढे चला. एका पोलादी पेटीत मांजर ठेवा. सोबत किरणोत्सारी पदार्थाचा इतका बारीक कण ठेवा की तासाभरात त्यातला एखादा अणू फुटेल किंवा एकही फुटणार नाही, शक्यता दोन्हीकडे सारखी. अणू फुटला तर गायगर काउंटर हातोडी पाडणार, हातोडी हायड्रोसायनिक आम्लाची कुपी फोडणार आणि मांजर मरणार. आता तासाभराने समीकरण काय सांगतं? तर मेलेलं मांजर आणि जिवंत मांजर, दोन्हींचं मिश्रण.

इथे लक्ष द्या. "बघा, मांजर खरंच दोन्ही असतं, काय गंमत आहे ना!" असं तो म्हणत नव्हता. उलट त्याला म्हणायचं होतं, "बघा, तुमच्या म्हणण्याचा शेवट कसल्या मूर्खपणात होतो!" त्या लेखात या उदाहरणाला त्याने जो जर्मन शब्द वापरला त्याचा अर्थ आपल्या भाषेत 'फार्स' असा होईल. त्याच वर्षी आइनस्टाइनने त्याला पत्रात असंच एक उदाहरण लिहिलं होतं, बंदुकीच्या दारूच्या पिंपाचं, जे फुटलेलंही आहे आणि फुटलेलं नाहीही. दोघं म्हातारे होत चाललेले, नव्या मंडळींवर वैतागलेले, एकमेकांना टोमणे लिहून पाठवत होते. मांजर हा त्या टोमण्यांतला सगळ्यात यशस्वी टोमणा. इतका यशस्वी, की ज्यांची थट्टा करायची होती त्यांनीच तो आपला झेंडा म्हणून मिरवला.

आपल्याकडेही तेच. "जोवर बघत नाही तोवर दोन्ही खरं" हे वाक्य मी लग्न जमवण्याच्या गप्पांत ऐकलंय, शेअरबाजाराच्या चर्चेत ऐकलंय, आणि व्हॉट्सॲपवर अध्यात्माच्या नावाखाली तर किती वेळा वाचलंय! त्याला एक जोडलेलं शेपूट असतं, की श्रोडिंगरला हे सगळं उपनिषदांतून सुचलं. तो उपनिषदं आवडीने वाचायचा, वेदान्ताबद्दल त्याने मनापासून लिहिलं, डब्लिनमधल्या त्याच्या प्रसिद्ध व्याख्यानांवरून झालेल्या पुस्तकाच्या शेवटीही आत्मा आणि ब्रह्म येतात. हे सगळं खरं. पण समीकरण त्याने काढलं ते द ब्रॉयच्या १९२४ च्या प्रबंधावरून आणि हॅमिल्टनने १९ व्या शतकात दाखवलेल्या प्रकाश आणि यांत्रिकी यांच्यातल्या साम्यावरून. आजही त्या समीकरणात बसलेलं 'एच' हे अक्षर हॅमिल्टनचं आहे, आणि हॅमिल्टन हा डब्लिनचा माणूस. तेव्हा श्रेय वाटायचंच तर या बेटाचा दावा आपल्यापेक्षा जरा जवळचा आहे. (आई या वाक्यावर रागावली होती. असो.)

आता माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. मी चिप तपासणीच्या कामात आहे. सिलिकॉनच्या गोल तबकडीला आम्ही वेफर म्हणतो (बटाट्याचे नव्हेत). एकेका वेफरवर शेकडो चिप असतात आणि बारीक सुया टेकवून त्यातली कुठली चालते, कुठली मेली ते बघायचं. तपासणीआधी एखादी चिप "मेलेलीही आणि जिवंतही" आहे असं आम्ही गमतीत म्हणतो. पण आमच्यातल्या नवशिक्या पोरालाही असं वाटत नाही की सुई टेकल्यामुळे चिप मेली. ती आधीच कुठल्या तरी भट्टीत, कुठल्या तरी धुळीच्या कणामुळे मेलेली असते. आम्हाला ठाऊक नसतं, एवढंच.

मग अणूचंही तसंच असेल का? म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं, फक्त आपल्याला ठाऊक नाही? याचं उत्तर शोधण्याची वाट दाखवली ती याच बेटावर जन्मलेल्या एका माणसाने. जॉन बेल, जन्म बेलफास्टचा, १९२८ चा, घरची परिस्थिती बेताची. १९६४ साली त्याने दाखवलं की हा वाद नुसता गप्पांचा नाही, प्रयोगशाळेत मोजून बघता येईल. पुढच्या दशकांत लोकांनी ते मोजलं आणि त्याबद्दल अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. निकाल असा की बारीक कणांच्या बाबतीत "उत्तर प्रत्येक कणाच्या खिशात आधीच होतं, आपल्याला ठाऊक नव्हतं" हे सोपं स्पष्टीकरण चालत नाही, निदान या कणाचा त्या दूरच्या कणावर तत्काळ परिणाम होतो असं मान्य केल्याशिवाय तरी नाही. म्हणजे अणूंच्या जगात खरोखरच काही तरी विचित्र आहे. बेल १९९० साली गेला, त्याला हे नोबेल बघायला मिळालं नाही. बेलफास्टमध्ये आता एका रस्त्याला त्याच्या प्रमेयाचं नाव दिलेलं आहे.

पण मांजर म्हणजे अणू नव्हे. मांजर श्वास घेतं, उष्णता बाहेर टाकतं, त्याच्या अंगावर हवेचे असंख्य रेणू आपटत असतात. ही सगळी गर्दी अणूची ती नाजूक सरमिसळ इतक्या झटपट विस्कटून टाकते की मोठ्या वस्तूत ती दिसायची सोयच राहत नाही. १९७० नंतर हा हिशोब बऱ्यापैकी स्पष्ट होत गेला. पॅरिसमध्ये आरोश आणि अमेरिकेत वाइनलँड यांनी मोजके प्रकाशकण किंवा एकच भारित अणू घेऊन अशी छोटी 'मांजरं' तयार केली आणि २०१२ चं नोबेल मिळवलं. पण त्यासाठी किती काळजी घ्यावी लागते! खऱ्याखुऱ्या मांजराला कुणी असं जपून ठेवू शकत नाही. सगळे तात्त्विक प्रश्न यातून सुटले असं नाही, पण मांजरापुरतं बोलायचं तर श्रोडिंगरच्या वैतागात दम होता.

आणि इथे आईचा प्रश्न येतो. बेलने जायच्या वर्षी एक खोचक लेख लिहिला. त्यात त्याने विचारलं की 'मोजणारा' म्हणजे नक्की कोण? जगाने आपली अवस्था पक्की करायला पहिला एकपेशीय जीव जन्मेपर्यंत वाट पाहिली, की पीएचडी झालेला कुणी येईपर्यंत? हसण्यासारखंच आहे, पण प्रश्न तोच. त्याआधी १९६१ साली विग्नरने पेटीत मांजराऐवजी आपला मित्र बसवला होता. बाहेर उभ्या असलेल्या विग्नरसाठी निकाल लागायचा आहे, पण आतल्या मित्राला तो केव्हाच कळलाय. मग खरं कुणाचं? आईने हे सगळं काहीही न वाचता विचारलं होतं. मांजराला ठाऊक असतं ना?

माझं म्हणणं असं की हा विनोद नेहमी पेटीच्या बाहेर उभा असलेला माणूस सांगतो. आत असलेल्याला तो सांगताच येत नाही. आणि बाहेरच्या माणसाचं "अजून ठरलेलं नाही" हे म्हणणं बऱ्याचदा "मला बघायचं नाही" एवढ्याचं सभ्य रूप असतं.

आता डब्लिन. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी सायकल काढून क्लॉनटार्फला गेलो. समुद्राकाठचा शांत भाग, लांबच लांब हिरवळ, ओहोटीला चिखलाचा वास. तिथे किंकोरा रोडवर २६ नंबरचं साधं घर आहे. त्यात श्रोडिंगर राहायचा आणि सायकलने शहरात कामाला जायचा. दारात फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, "मांजराचं घर" म्हणून. भरपूर अंगठे आले.

त्याला इथे आणलं ते एमन डी व्हॅलेराने. स्वातंत्र्यलढ्याचा नेता, त्या वेळचा पंतप्रधान, आणि त्याआधी गणिताचा मास्तर. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरने गिळल्यावर ग्रात्समध्ये असलेल्या श्रोडिंगरने आधी नव्या राजवटीपुढे मान तुकवणारं पत्र जाहीर केलं. तरी नोकरी गेलीच, आणि तो रोमला पळाला. डी व्हॅलेराने त्याला डब्लिनला बोलावलं आणि त्याच्यासारख्यांसाठी १९४० साली एक संस्थाच उभी केली. तिचे पहिले विभाग दोन, सेल्टिक भाषांचा आणि सैद्धांतिक भौतिकीचा. देश गरीब, बाहेर महायुद्ध, आणि हा माणूस समीकरणांवर पैसे घालतोय! लोकांनी थट्टा केलीच. १९४२ साली संस्थेतल्या एका पंडिताने सेंट पॅट्रिक एक नसून दोन होते असं मांडलं आणि श्रोडिंगर कार्यकारणभावाच्या मुळावरच बोलला. यावर आयरिश टाइम्समधला विनोदी स्तंभलेखक माइल्स ना गोपालीन याने लिहिलं, की या संस्थेचं पहिलं फळ काय, तर पॅट्रिक दोन आणि देव शून्य. संस्थेने वर्तमानपत्राकडे तक्रार केली. लोक अजून तो विनोद सांगतात.

श्रोडिंगर मात्र इथे रमला. फेब्रुवारी १९४३ मध्ये ट्रिनिटी कॉलेजात त्याने 'जीवन म्हणजे काय' या विषयावर जाहीर व्याख्यानं दिली, १९४४ मध्ये त्याचं पुस्तक झालं, आणि पुढे डीएनएची रचना शोधणाऱ्या वॉटसन आणि क्रिक दोघांनीही त्या पुस्तकाचं ऋण मानलं. १९४८ साली तो आयरिश नागरिक झाला, ऑस्ट्रियाचं नागरिकत्वही राखून. १९५६ मध्ये व्हिएन्नाला परत गेला आणि १९६१ मध्ये वारला.

त्याच्या घराबद्दलही इथे गमतीने बोललं जायचं. बायको आनी, दुसरी स्त्री हिल्डे आणि तिच्यापासून झालेली मुलगी, सगळे एका छपराखाली. डी व्हॅलेराने सगळ्यांच्या परवान्यांची व्यवस्था केलेली. शिवाय डब्लिनमध्ये असताना दोन आयरिश स्त्रियांपासून त्याला आणखी दोन मुली झाल्या. "दोन ठिकाणी एकाच वेळी असणारा माणूस," वगैरे. मीही हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगितलाय. त्याच काळात याच देशात लग्नाआधी दिवस गेलेल्या सामान्य घरच्या मुलींना जोगिणींच्या आश्रमात पाठवत, तिथे त्या राबत आणि त्यांची मुलं दत्तक जात. प्राध्यापकाला गंमत, पोरींना शिक्षा. मी किस्सा सांगायचो तेव्हा हा दुसरा अर्धा भाग माझ्या डोक्यातही यायचा नाही.

मग डिसेंबर २०२१ मध्ये आयरिश टाइम्समध्ये एक मोठा लेख आला. विषय, श्रोडिंगरचं कोवळ्या मुलींशी वागणं. डब्लिनमधल्या एका नावाजलेल्या घरातल्या १२ वर्षांच्या मुलीवर पन्नाशी उलटून गेलेला हा माणूस भाळला आणि घरातल्या वडीलधाऱ्याने समज दिल्यावर थांबला. त्याआधी गणित शिकवायला म्हणून गेलेल्या घरी १४ वर्षांच्या मुलीच्या तो मागे लागला, ती मोठी होईपर्यंत वाट बघितली आणि पुढे तिला दिवस गेले. आपल्या या ओढीचं समर्थन त्याने वहीत लिहून ठेवलं होतं. लोक हादरले. विद्यार्थ्यांनी मागणी केली, आणि २०२२ च्या सुरुवातीला ट्रिनिटीने भौतिकीच्या व्याख्यानगृहाला दिलेलं त्याचं नाव काढलं.

पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. यातला बराचसा मजकूर वॉल्टर मूरने लिहिलेल्या चरित्रात १९८९ सालीच छापलेला होता. ३२ वर्षं! पुस्तक ग्रंथालयात होतं. भौतिकीवाल्यांनी ते वाचलेलं होतं. मी स्वतः त्यातली काही पानं चाळलेली होती आणि "रंगेल माणूस" म्हणून पान उलटलं होतं. म्हणजे पेटीला कुलूप नव्हतंच. झाकणही अर्धं उघडं होतं. आम्ही सगळे बाजूला उभे राहून मांजराचे विनोद करत होतो.

आणि त्या मुली? त्यांच्यासाठी काहीही अनिश्चित नव्हतं. त्यांना ठाऊक होतं.

आयर्लंडने हे असं बघणं महागात शिकलंय. ट्यूम नावाच्या गावात १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित मातांसाठी एक आश्रम होता. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहास धुंडाळणाऱ्या बाईंनी एकेक मृत्युदाखला मिळवून दाखवलं की तिथे ७९६ मुलं दगावली आणि त्यांच्या दफनाची नोंद नाही. २०१४ मध्ये ते जगभर गाजलं, २०२१ च्या जानेवारीत अशा आश्रमांवरचा सरकारी अहवाल आला आणि पंतप्रधानांनी माफी मागितली. २०२५ मध्ये ट्यूमला प्रत्यक्ष उत्खनन सुरू झालं. गावात कुणाला काहीच ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? आत राहिलेल्या बायका तर जिवंत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

इथे माझा एक मित्र म्हणतो, "मग आता समीकरणही फेकून द्यायचं का?" नाही. समीकरण बरोबर आहे, ते कुणाच्या चारित्र्यावर चालत नाही. माझ्या वेफरवरचा प्रत्येक ट्रान्झिस्टर त्याच्या जोरावर चालतो आणि उद्याही चालेल. पुस्तकांत नाव राहू दे, समीकरणाला नाव त्याचंच राहणार. पण भिंतीवर कोरलेलं नाव हा हिशोब नसतो, तो मान असतो, आणि मान देताना आतल्यांना विचारायला हवं. "थोर माणूस की वाईट माणूस, दोन्ही एकाच वेळी" असं म्हणून पुन्हा सरमिसळीत लपता येतं, आणि ते मला नको. त्याने समीकरण मांडलं, हे घडलं. त्याने मुलींना त्रास दिला, हेही घडलं. दोन्ही पक्क्या घटना आहेत. पेटी उघडून बघितल्यामुळे त्यातली एकही बदलत नाही, जशी सुई टेकवून चिप मरत नाही.

हे सगळं दुसऱ्याबद्दल लिहिणं सोपं असतं. त्यामुळे शेवटी माझ्या पेटीकडे येतो.

आयर्लंडमध्ये ठरावीक वर्षं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. श्रोडिंगरला दोन्ही नागरिकत्वं ठेवता आली. आपला भारतीय कायदा ते चालू देत नाही. दुसरं घेतलं की पहिलं गेलं, मग परदेशी नागरिक म्हणून मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर समाधान मानायचं. अर्ज भरून तो मी दोन वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला. पाठवलाही नाही, फाडलाही नाही. मुलगी इथल्या माध्यमिक शाळेत, पुढे लीव्हिंग सर्टिफिकेट म्हणजे इथली बारावी. तिला नाशिकच्या शाळेत नेऊन बसवण्याचा विचार आम्ही कधीच सोडला होता. घरात हे बोललो नव्हतो, पण ठरलेलं होतं. आणि आईला दर रविवारी "बघू".

२०२४ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा मी एकदाचं सांगितलं, "आई, आम्ही आता परत येत नाही. निदान पुढची दहा वर्षं तरी नाही."

मला वाटलं होतं ती रडेल. ती चकलीचा डबा बंद करत होती. म्हणाली, "मला २०१९ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी आलास आणि कपाटातली तुझी सगळी पुस्तकं बांधून घेऊन गेलास. परत येणारा माणूस पुस्तकं नेत नाही."

मग तिने वरच्या मजल्याबद्दल विचारलं. बाबा गेल्यापासून ती खाली राहते. वरच्या दोन खोल्या तिने आमच्यासाठी ठेवल्या होत्या, गाद्यांना दर उन्हाळ्यात ऊन दाखवून. भाडेकरू तीनदा विचारून गेले होते. तिने प्रत्येकाला सांगितलं होतं, "मुलाचं काही ठरत नाहीये." माझा विनोद तिने इतकी वर्षं खोल्या रिकाम्या ठेवून जपला होता. मी मात्र तो ऑफिसात सांगून टाळ्या घेत होतो.

जानेवारीत तिने वरचा मजला दिला, रुग्णालयात काम करणाऱ्या दोन मुलींना. रात्री दिवा दिसतो, बरं वाटतं म्हणाली. मी इकडे येऊन ड्रॉवरमधला अर्ज पाठवला. आता रविवारच्या फोनवर तो प्रश्न नसतो. पहिले काही रविवार फोन लवकर संपायचे, कारण त्या प्रश्नाची जागा भरायची कशाने ते दोघांनाही समजत नव्हतं. हळूहळू जमतंय. हल्ली ती मला जॉन बेलबद्दल विचारते.

तेव्हा मंडळी, मांजराचा विनोद सांगा, जरूर सांगा. श्रोडिंगरने तो दुसऱ्यांना चिमटा काढायलाच रचला होता. फक्त सांगताना आपण पेटीच्या कुठल्या बाजूला उभे आहोत ते एकदा बघा. आणि तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी परदेशातून दर रविवारी "बघू" म्हणत असेल, तर पुढच्या खेपेला प्रश्न जरा बदलून विचारा. "कधी येताय?" असं विचारू नका. "वरचा मजला भाड्याने देऊ का?" असं विचारा. उत्तर लगेच मिळेल.